चालू डावातला नियम

गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये केवलराम शहारे वजनकाट्यावर बसतो. ट्रक काट्यावर चढला की पडद्यावरचा आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं, पावती काढायची, पुढच्याला हाक मारायची. मिलमध्ये त्याला काटेवाला म्हणूनच ओळखतात. पण मोबाईलवर त्याला ‘पंचसाहेब’ म्हणणारी माणसं नागपूरपासून बालाघाटपर्यंत पसरलेली होती.

कॉलेजात असताना त्याने आणि चंद्रशेखर नावाच्या मित्राने एक खेळ तयार केला होता, ‘नक्षत्रराज’. प्रत्येकाला अवकाशात एक ग्रह मिळायचा. तिथे खाणी खणायच्या, जहाजं बांधायची, तह करायचे, लढायचं आणि राज्य वाढवत न्यायचं. एक डाव वर्षभर चालायचा. चंद्रशेखर पुण्याला नोकरीला गेला, त्याचं मन त्यातून उठलं, आणि खेळ एकट्या केवलरामच्या गळ्यात पडला. त्याला त्याचं ओझं कधी वाटलं नाही. घरी आला की हातपाय धुऊन तो आधी तक्रारी वाचायचा.

पहिल्या डावात दोघांनी कुणी कुरकुर केली की लगेच नियम दुरुस्त केले होते. एकाचं समाधान केलं की दुसऱ्याचं राज्य बुडायचं. शेवटी जिंकलं कोण हेच ठरेना, नुसती शिवीगाळ झाली. तेव्हा केवलरामने ठरवून टाकलं: पळवाट सापडली तर ती डाव संपल्यावर बुजवायची. चालू डावात नियमाला हात लावायचा नाही. लोकांनाही ते पटलं, आणि खेळ टिकला तो त्यामुळेच.

या खेळात कामठ्याची रुची बिसेन सगळ्यात मोठी राणी होती. पस्तिशीची, ब्लाऊज शिवणारी. आई सुशिलाबाईंना दिसत नाही, म्हणून तिला गाव सोडून कुठे जाता येत नसे. मशीनशेजारी मोबाईल ठेवून ती राज्य चालवायची. दिलेला तह तिने कधी मोडला नाही. नवखे खेळाडू तिला विचारून पावलं टाकायचे. गावात तिला कुणी काही विचारत नव्हतं.

यंदाच्या डावाच्या मध्यावर तिचा केवलरामला फोन आला.

“दादा, नियमात एक भोक हाय.”

नवख्या खेळाडूला सुरुवातीचे काही आठवडे अभय असायचं, त्याच्या ग्रहावर कुणी हल्ला करू शकत नसे. आणि मित्राच्या ग्रहावर आपली जहाजं उभी करायची मुभा सगळ्यांनाच होती. रुचीने हे दोन नियम जोडून पाहिले होते. आपल्याच घरातल्या कुणाला नवखा म्हणून आत आणायचं, त्याच्या ग्रहावर आपला ताफा ठेवायचा, तिथून हल्ला करायचा आणि परत तिथेच येऊन बसायचं. मारता येतं, पण आपल्याला कुणी मारू शकत नाही.

 केवलराम म्हणाला, “बरं झालं सांगतलीस. डाव संपला की बंद करतो.”

“आत्ता नाई?”

“चालू डावात नाई करत आपण. तुले वापरायचं असन तर वापर, नियमात बसते.”

“मले नाई जमत तसं,” रुची म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

महिनाभरात तीच पळवाट लोकेशला सापडली. लोकेशचं गोंदियात मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं, केवलरामचा तो जुना दोस्त. त्याने साळे, भाचे, मेव्हणे असे नवखे खेळाडू रुचीच्या सीमेवर आणून बसवले आणि पंधरवड्यात तिचं राज्य साफ केलं. डाव सुरू झाल्यापासून एकेक करून जोडलेले ग्रह गेले. तिची जहाजं त्याच्या ताफ्यासमोर नुसती उभी राहिली, त्यांना गोळी झाडायची परवानगीच नव्हती.

खेळाडूंच्या ग्रुपवर कल्लोळ उठला. लोकेशला काढा, असं अर्धे लोक म्हणू लागले. केवलराम त्याच्या दुकानात गेला.

“असं काऊन केलं गा?”

“चोरी केली का मी?” लोकेश हातातला मोबाईल न ठेवता म्हणाला. “नियम तुहाच. मी त्याच नियमानं खेळून राहिलो.”

खोट काढण्यासारखं त्यात काही नव्हतं. केवलरामने निकाल दिला: झालं ते नियमानुसार झालं, पळवाट पुढच्या डावात बंद होईल. त्या दिवसापासून रुची खेळात आली नाही. फोनही उचलेना.

केवलरामला जेवण जाईना. काट्यावर चुकीची पावती निघाली, मालकाची बोलणी बसली. “खेळच होय ना तो?” त्याची बायको अल्का म्हणाली.  आठवडाभराने त्याने जे कधी केलं नव्हतं ते केलं. नियम तिथल्या तिथे बदलला आणि जुन्या नोंदीवरून रुचीचे सगळे ग्रह तिला परत दिले.

“म्हणजे मानसाचं तोंड पाहून नियम लागते तर!” लोकेशने ग्रुपवर लिहिलं, आणि आपली माणसं घेऊन बाहेर पडला. लगोलग इतरांच्या मागण्या सुरू झाल्या. मागच्या वर्षी माझा ग्रह गेला, तोही परत द्या. माझा ताफा अन्यायाने बुडाला. तिला न्याय, मग आम्हाले काऊन नाई? 

रविवारी तो कामठ्याला गेला. रुची मशीनवर होती. सुशिलाबाईंनी आवाजावरून त्याच्याकडे तोंड वळवून बसायला सांगितलं.

“तुहं राज्य परत दिलो मी,” केवलराम म्हणाला.

“दिसलं.”

“मंग येत काऊन नाई?”

रुचीने मशीन थांबवली. “आधी हरली तर म्हणे नियमानं हरली. आता भेटलं तर म्हणे पंचाच्या मेहरबानीनं भेटलं. माह्यं कमावलेलं त्यात कुठं हाय, दादा?”

“तू फोन केली तेव्हाच बदलवायले पाहिजे होता मी.”

“तेव्हा बदलवला असता, तर दुसरं कोणी रडलं असतं.”

“मंग करायचं काय होतं मी?”

“मले का माहीत?” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला जास्त लागलं. तिने कापड सुईखाली सरकवलं. मशीन पुन्हा सुरू झाली. तो आणखी थोडा वेळ बसला, मग उठला. थांबा म्हणून कुणी म्हटलं नाही.

पुढे खेळ महिनाभर कसाबसा चालला. रुचीचे ग्रह मालकाविना पडून होते, उरलेल्यांनी ते लुटून नेले. केवलराम नियम पुन्हा पुन्हा वाचायचा. एक शब्द पक्का केला की शेजारचा सैल दिसायचा. शेवटी त्याने खेळ बंद करत असल्याचं ग्रुपवर लिहिलं.  मग एकाने विचारलं, बंद करण्याआधी माझा शेवटचा नंबर कितवा होता ते सांगशील का?

केवलरामने त्याला नंबर कळवला आणि खेळ पुसून टाकला. आता घरी आल्यावर तो हातपाय धुतो आणि तसाच ओसरीत बसून राहतो. अल्का कधी कधी त्याच्याजवळ येऊन बसते.