माधवराव सरांशी माझं कधी पटलं नाही

शाळेच्या ऑफिसातला शिपाई दारातूनच म्हणाला, "अण्णा गेले." स्टाफरूममधल्या सगळ्या माना वळल्या त्या माझ्याकडे. माझा चेहरा कसा होतो ते त्यांना बघायचं होतं. मी हातातली उत्तरपत्रिका पुरी तपासली, गुण मांडले, मग पेनाला टोपण लावलं. याला आता काही आठवडे झाले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात... पण मला जे बोलायचं होतं ते मी अण्णांच्या, माझ्या लेखी माधवराव सरांच्या, तोंडावर बोलून मोकळी झाले होते, आणि त्यांनीही माझं काही बाकी ठेवलं नव्हतं. आता उगाच गोड लिहिलं तर पहिला राग त्यांनाच येईल.

नव्वदच्या सुमारास नवऱ्याला पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही पुण्याहून बंगळूरला आलो. यशवंतपूरजवळच्या एका शाळेत मला सहावी ते आठवीचा इतिहास मिळाला. तिथले इतिहासाचे ज्येष्ठ शिक्षक मराठी आहेत हे कळल्यावर मला कोण आनंद झाला! मोठ्या उत्साहानं ओळख करून घ्यायला गेले. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "पुण्याच्या का? सरी. इथं स्वल्प सांभाळून शिकवा." मला वाटलं, थट्टा करतायत. थट्टा नव्हती; सरी म्हणजे बरं आणि स्वल्प म्हणजे जरा, हे मला नंतर कळलं. त्यांचं घराणं तीनेकशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर इकडे आलेलं. घरात मराठीच, पण तिच्यात कानडी इतकी मुरलेली की सुरुवातीला मला त्यांचं निम्मं बोलणं कळायचं नाही. सगळी शाळा त्यांना अण्णा म्हणे. मी हट्टानं सरच म्हणत राहिले.

पहिल्याच वर्षी आठवीला मी मराठ्यांच्या दक्षिणेतल्या मोहिमा शिकवत होते. आवाज चढला होता, टापा वाजत होत्या, मुलं रंगली होती. सर व्हरांड्यातून चालले होते, ते न विचारता आत आले आणि मुलांना म्हणाले, "एवढी घोडी आली. मुक्कामाला त्यांनी खाल्लं काय?" एक मुलगी म्हणाली, "गवत." "कुणाचं?" मग त्यांनी सांगितलं की त्यांच्या बायकोच्या माहेरी फौज येतेय म्हटलं की लोक धान्य जमिनीत पुरून, गुरं घेऊन डोंगरावर जात असत, असं म्हातारी माणसं सांगायची. एवढं बोलून, "चालू द्या मिस," म्हणत निघून गेले. उरलेला तास मी कसा संपवला ते माझं मला माहीत.

स्टाफरूममध्ये मी त्यांना गाठलं. "वर्गात येऊन माझा अपमान करायचा तुम्हाला काय अधिकार?"

"अपमान कुठला? घोडा खातो, एवढंच सांगितलं."

"त्या घोड्यांवर तुमचेच पूर्वज होते!"

"म्हणून तर मला ठाऊक आहे," ते शांतपणे म्हणाले. "फौज परत गेली, आम्ही राहिलो. ज्यांचं खाल्लं त्यांच्यातच राहायचं होतं आम्हाला. तुम्ही रेल्वेनं आलात, तुम्हाला काय त्याचं?"

तेव्हापासून वैर. माझे प्रश्न ते प्रश्नपत्रिकेतून काढून टाकायचे, त्यांचे मी. माझ्या वर्गातून आलेल्या मुलानं काही बाणेदार सांगितलं की ते म्हणत, "हे पुण्याचं उत्तर झालं. आता इथलं सांग." मुलं हसायची आणि ते हसणं माझ्यापर्यंत पोचेल अशी व्यवस्था असायची. मीही कमी नव्हते. त्यांच्या कानडी हेलाची नक्कल मी सर्वांदेखत केली आहे, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

मग तो प्रकार झाला. नव्यानं आलेल्या मराठी कुटुंबांतला एक मुलगा सरांच्या तासानंतर घरी जाऊन विचारता झाला, "बाबा, आपण लुटायला आलो होतो का?" पालक चिडून शाळेत आले. मुख्याध्यापिकेच्या खोलीत मलाही बोलावलं. सर भिंतीशी उभे होते. एक वडील म्हणाले, "मॅडम, तुम्ही तर आपल्याच. तुम्हीच सांगा, हा माणूस काय शिकवतो ते."

मी सांगितलं. "सर उद्धट आहेत. दुसऱ्याच्या वर्गात घुसतात. शिकवण्यापेक्षा भांडायला त्यांना जास्त आवडतं. पण मुलांना त्यांनी जे सांगितलं, त्यात खोटं काही नाही."

उपयोग झाला नाही. जन्मभर इतिहास शिकवलेल्या माणसाला खालच्या वर्गांची हस्तकला दिली गेली, आणि त्यांचे तास माझ्याकडे आले. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या नळाशी त्यांनी मला अडवलं. राग तोंडावर मावत नव्हता. "माझ्या इतिहासाला तुमचं सर्टिफिकेट कुणी मागितलं होतं?"

"तुमच्या नाही, इतिहासाच्या बाजूनं बोलले मी."

त्यानंतर ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत... अगदी शेवटपर्यंत. निवृत्ती जवळ आली असताना हृदयविकारानं गेले. सगळे हळहळत होते, मला राग आला. भांडण अर्ध्यावर टाकून उठून जायचं, हे त्यांना शोभलं नाही.

दिवसपाणी झाल्यावर मी त्यांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नीला, अक्कांना, मी कधी भेटले नव्हते. नाव सांगताच अक्का म्हणाल्या, "या. तुमचं नाव या घरात रोज निघायचं."

"चांगलं नसणार."

"छे! जेवायला बसले की तुमच्यावर सुरू. मधल्या सुट्टीत मुलांना विचारून ठेवायचे, आज मिसनं काय शिकवलं. मग घास हातात धरून एकेकाचा समाचार. आता जेवण अगदी गप्प झालंय हो." त्यांनी मला पानावर बसवलं, भात वाढला, वर सारू, म्हणजे इथली पातळ आमटी. मग समोर बसून विचारलं, "काल काय शिकवलंत?"

"किल्ला कसा बांधायचे ते."

"दगड कुणी वाहिले ते सांगितलंत?"

"अक्का, आधी मुलांना किल्ला तरी दिसू दे!"

"हे त्यांना पटलं नसतं."

"मग चुकलं असतं त्यांचं."

"ते कशाला चुकतील?" अक्कांचा वाढायला उचललेला हात तसाच थांबला. माझा आवाज चढला, त्यांचाही. पानातला भात गार होऊन गेला.

आता शनिवारी अर्धी शाळा सुटली की मी तिकडेच जेवते. अक्का एकदाही माझी बाजू घेत नाहीत.