जेवणघरातून जाणारी वाट

आमच्या धाकट्या सुनेला घरात सगळे मोजणीबाई म्हणतात. हे नाव मीच ठेवलं आणि त्याचा मला अजून पस्तावा झालेला नाही. लग्न होऊन आली आणि चारच दिवसांत तिने ओटा, मोरी, जिना आणि माझी आरामखुर्ची असं सगळं टेप लावून मोजून काढलं. म्हणाली, "बाबा, ही खुर्ची वीतभर आत घेतली तर आईंचा पाय अडखळणार नाही." आमची ही इतकी वर्षं त्या खुर्चीला आणि मला एकत्रच बोल लावत होती. खुर्ची सरकली आणि बोलणी निम्म्यावर आली. उरली ती माझ्या एकट्याच्या वाट्याची.

इमारतींचे नकाशे काढणं हा तिचा व्यवसाय. आर्किटेक्ट. मी गावच्या शाळेत शिकलेला माणूस. आमच्या शाळेची एकच खोली होती आणि तिच्या चारही भिंती चार दिशांना कललेल्या होत्या, त्यामुळे नकाशा या वस्तूशी माझी ओळख सून आल्यावरच झाली. पण कागदावर तिचा स्वतःचाच भरवसा नाही. ती काय करते ते सांगतो. नकाशा झाला की जागेवर जायचं, पांढऱ्या फक्कीने जमिनीवर खऱ्या मापाच्या खोल्या आखायच्या आणि त्या रेघांच्या आत माणसांना राहायला लावायचं. तिथे उठायचं, बसायचं, झोपायचं. "घर बांधल्यावर चूक कळण्यापेक्षा आधी कळलेली बरी," असं तिचं म्हणणं.

आधी ती एका मोठ्या ऑफिसात होती. तिथे दुसऱ्यांच्या इमारतींमधली संडास-बाथरूमं काढण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. सोडून निघाली तेव्हा तिथले साहेब हसत म्हणाले, "जा, खुशाल जा. तुमची खुर्ची मी रिकामीच ठेवतो." हे वाक्य तिच्या मनात काट्यासारखं रुतलं. आमच्या पुढच्या खोलीत तिने स्वतःचं ऑफिस थाटलं. कुणाची गच्ची, कुणाचं दुकान असं करत करत शेवटी एक मोठं काम हाती आलं. हे नीट उभं राहिलं तर ऑफिस राहील, नाहीतर साहेबांची रिकामी खुर्ची आहेच, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

काम होतं लॉजचं, तेही वाळवंटात. मालक फरशीचे व्यापारी. वाळवंटातली जनावरं बघायला लोक लांबून येतात, जीपमधून हिंडतात, त्यांना उतरायला ठिकाण हवं. मी म्हटलं, "अगं, पण तिथे बघायला आहे काय? वाळू?" तर म्हणाली, "बाबा, वाळूत राहणाऱ्यांना विचारा." तिने जागा निवडली दोन टेकड्यांच्या मधली. तिथली खिंड संध्याकाळी वारा खेचून घेते. खोल्या अर्ध्या जमिनीत, भिंती जाड मातीच्या, अंघोळीचं पाणी झाडांना, आणि खिंडीच्या तोंडाशी मोठं जेवणघर. वारा आधी जेवणघरात शिरणार आणि तिथून बोळाबोळाने प्रत्येक खोलीत जाणार. एसी नको, जनरेटर नको. सगळा डोलारा त्या खिंडीवर.

थंडीत आखणी करायला आम्हालाही घेऊन गेली. म्हणाली, म्हातारी माणसं कुठे ठेचकाळतात ते बघायचंय. तंबू ठोकले, फक्की पडली, आणि आम्ही दोघं त्या रेघांमध्ये पाहुणे झालो. मी तांब्या घेऊन निघालो तर मागून ओरड. "बाबा! भिंतीतून आलात तुम्ही! दार तिकडे आहे!" बांधकामाचा मुकादम आणि त्याची माणसं पोट धरून हसली. आमच्या हिने तर बंडच केलं. "या असल्या उघड्या न्हाणीघरात मी पाऊलसुद्धा टाकणार नाही."

"अहो आई, नुसतं उभं राहायचंय."

"उभीसुद्धा राहणार नाही. तुझ्या भिंती दिसायला लागल्या की बोलाव."

असा सगळा मजेचा कारभार. पण दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता सून तंबूबाहेर गेली ती थिजल्यासारखी उभी राहिली. जेवणघराच्या रेघा पार विस्कटलेल्या. मुकादमाला म्हणाली, "तुमची माणसं इथून का चालली?" तो म्हणाला, "मॅडम, माझ्या माणसांना खूर नाहीत."

पुन्हा आखणी केली. पुढच्या पहाटे ती मला हलवून उठवत म्हणाली, "बाबा, बोलू नका, नुसते या." समोर हरणांचा कळप होता. लांब शिंगांचे नर पुढे, माद्या आणि पाडसं मागे. नेमके जेवणघराच्या दिशेने चालत आले आणि फक्कीच्या रेघेपाशी थबकले. आदल्या रात्री अंधारात तुडवलेली ती बारकी पांढरी रेघ आता उजेडात दिसली आणि एवढी धिप्पाड जनावरं बिचकली. दोन-तीन नर बेताने ओलांडून खिंडीत गेले. माद्यांनी पाडसांना मागे वळवलं आणि कळप तसाच फुटून उभा राहिला. खिंडीपलीकडे एक झरा आहे. त्या मुलखात दुसरं पाणी नाही.

आता तुम्ही विचाराल, हे आधी कसं दिसलं नाही? अहो, दिसणार कसं? शहरातून नाश्ता करून निघायचं, उन्हं चढल्यावर पोचायचं, मोजमाप करून दिवे लागायच्या आत परत. त्या वेळेत हरणं कुठेतरी सावलीला बसलेली. वाऱ्याने रोज वाळू सारखी केलेली, त्यामुळे खुरांचा मागमूस नाही. शिवाय वारा जिथून येतो म्हणून तिने खिंड निवडली, तिथूनच जनावरांचीही वाट. चूक तिची आणि तिच्या हुशारीचीच.

मुकादम म्हणाला, "जातील हो दुसरीकडून. वाळवंट काय लहान आहे?" आमची ही तिला तंबूत घेऊन बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाई गं, तू, मी, हे आणि मुकादम. मालकाला सांगणार कोण आहे? भिंती उभ्या राहू देत. तुझं चांगलं व्हावं एवढंच मला कळतं."

मालक दुपारी आले. जेवणघराच्या मधोमध प्लास्टिकची खुर्ची टाकून ऐसपैस बसले आणि म्हणाले, "वा मॅडम! काय वारा आहे!"

"तुम्ही बसलात ना, तिथून पहाटे हरणं जातात," सून म्हणाली.

मालक खुर्चीतून उडालेच. "काय सांगता! टेबलाशेजारून हरणं? अहो, यापेक्षा जास्त काय हवं लोकांना!"

"टेबल असलं तर ती येणार नाहीत. आली नाहीत तर पाण्यावाचून राहतील."

"मग लॉज सरकवा पलीकडे."

"पलीकडे वारा नाही."

"एसी लावा."

"मग विजेशिवायचा लॉज म्हणून तुम्ही जे सांगत सुटलाय, त्याचं काय?"

मालकांनी खुर्ची उचलली आणि सावलीत नेली. सुनेने पायाने जेवणघराची रेघ पुसली आणि काठीने नवीन आखणी दाखवली. लॉजचे दोन भाग, खिंडीच्या दोन बाजूंना, दोन्हींना वारा खिंडीतूनच. मधली सगळी जागा मोकळी, तिथे दिवासुद्धा नाही. जेवणघर टेकडीमागे, आणि तेही संध्याकाळपुरतं. खोल्या बऱ्याच कमी. मालक म्हणाले, "जेवणघर पुसून टाकणारी आर्किटेक्ट मी पहिल्यांदाच बघतोय," आणि गेले.

त्यानंतर घरात जे दिवस गेले ते नको वाटतात. फोन वाजला की सगळ्यांच्या माना वळायच्या. एकदा साहेबांचाच फोन आला, चौकशीचा म्हणे. सून "ठीक आहे सर, ठीक आहे" म्हणत राहिली आणि फोन ठेवून बराच वेळ भांडी घासत बसली. भांडी आधीच घासलेली होती.

शेवटी मालक तयार झाले, पण एका अटीवर. खोल्या फारच कमी होताहेत, तर निदान एक मोठी खोली खिंडीच्या कडेला द्या, वाटेवर नाही, कडेला. सून दमली होती. "एका खोलीने काय होतंय," म्हणाली आणि मान्य केलं.

लॉज उभा राहिला. बघून आलो मी. खोलीत पाय टाकला की माठातल्या पाण्यासारखं गार वाटतं. पाहुणे येऊ लागले, भिंतींना हात लावून बघू लागले. सुनेकडे दोन नवी कामंही आली. आमची ही शेजारणींना सांगू लागली की मी तिथे राहून आलेय, न्हाणीघर अगदी प्रशस्त आहे. आत पाऊल टाकलं नव्हतं हे मी सांगत नाही. मलाही घरात राहायचंय.

पण पुढच्या थंडीत कळप आला, खिंडीच्या तोंडाशी आला, त्या कडेच्या खोलीकडे बघत उभा राहिला आणि मागे फिरला. रोज तसंच. सून तिथेच मुक्काम ठोकून बसली. एका पहाटे तिने मालकांना शहरातून बोलावून घेतलं. मालक मफलर गुंडाळून, शिंकत आले. कळप आला, थांबला. एक पाडस पुढे आलं, आईने त्याला ढुशी देऊन मागे घेतलं. सगळे गेले.

मालकांनी मफलर कानांवर ओढला. मग म्हणाले, "एवढ्या गारठ्यात हे दाखवायला बोलावलंत?"

"ती खोली पाडायला हवी."

"लॉजमधली सगळ्यात चांगली खोली आहे ती!"

"माझीही सगळ्यात आवडती आहे."

"आणि पाडूनही नाही आली तर?"

"तर मी चुकले."

"मग काय करणार?"

"मग शेजारची पाडा म्हणेन."

मालकांनी कपाळाला हात लावला. "मॅडम, तुम्हाला बांधायला ठेवलंय की पाडायला?" पण जाताना मुकादमाला म्हणाले, "पाडा. मी इथे असताना नको."

मातीच्या भिंती, पाडायला वेळ लागला नाही. माती तिथेच पसरली, वाऱ्याने ती वाळूत मिसळूनही टाकली. पाडताना ती शेवटपर्यंत उभी होती असं मुकादमाने मला सांगितलं.

काल सुनेचा फोन आला. मी विचारलं, "आली का गं हरणं?" म्हणाली, "नाही, बाबा. लांबूनच वळली." शेजारी उभ्या असलेल्या आमच्या हिने फोन माझ्या हातातून घेतला. मला वाटलं, आता सांगेल, पुरे झालं, घरी ये. तर ही म्हणते, "ती शेजारची खोली आहे ना, तिच्याबद्दल बोललीस का मालकांशी?"

आज सकाळी ती लॉजवरून थेट मालकांच्या दुकानात गेली आहे. दुपार झाली, अजून फोन नाही.