पॅलॅडियम थांबेना

पीएचडीची मुदत संपायला चार महिने उरले होते आणि माझं पॅलॅडियम थांबायला तयार नव्हतं. आठवड्याचे चार दिवस मी अकोल्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची, उरलेले दिवस अमरावतीच्या प्रयोगशाळेत. पदवी मिळाली तरच कायमची नोकरी. नाहीतर चाळिशीतही तासिकाच.

काम सांगायला सोपं होतं. एका द्रवाच्या रेणूत तिहेरी बंध असतो. त्याला हायड्रोजन देऊन दुहेरी बंधावर आणायचं आणि तिथेच थांबायचं. उत्प्रेरक म्हणून घातलेलं पॅलॅडियम हे काम झपाट्याने करतं, पण सुटलेल्या गोऱ्ह्यासारखं थेट एकेरी बंधापर्यंत धावतं आणि सगळं मुसळ केरात. फक्त मागच्या मे महिन्यातली एक खेप बरोबर जागी थांबली होती. मी हुरळून आलेख गाईडसरांना दाखवला, एका परिषदेत सांगूनही आले. त्यानंतर अकरा खेपा केल्या. प्रत्येक वेळी हाती भोपळा.

शेवटी सरांनी दार लोटून घेतलं. "खरं सांग, मे महिन्यातले आकडे तू घरी बसून तं नाही ना बनवले?"

मी मुळात तापट. त्या दिवशी मात्र पर्स उचलून बाहेर पडले. बडनेरा स्टेशनच्या बाकावर बसून ढसाढसा रडले. सगळ्यात वाईट म्हणजे, माझा माझ्यावरचाच विश्वास उडाला होता.

मग जुनी वही घेऊन प्रयोगशाळेतल्या परिचरकाकांसमोर बसले. ते निवृत्तीला आले होते. "काका, मे महिन्यात काय वेगळं होतं? आठवा ना."

त्यांनी हातातलं फडकं घडी करून बाजूला ठेवलं. "मॅडम, डिस्टिल्ड पान्याची कॅन फुटली होती. मंग म्या घरून तांब्याची कळशी आनली. आमी प्याचं पानी तिच्यातच ठेवतो, चांगलं रायते. तीन दिवस त्यातलंच पानी देल्लं तुमाले."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तुमी रागवाल म्हनून."

त्याच पाण्याने मी उत्प्रेरक धुतला होता. धुताना तांब्याचा अंश पॅलॅडियमवर बसला आणि दुसऱ्या धातूने पहिल्याला आवरलं. मी उठून तडक कामाला लागले. या वेळी तांब्याचा क्षार मोजून घातला. अभिक्रिया बरोबर जागी थांबली. पुन्हा केली, पुन्हा थांबली.

सगळं ऐकून सर खूश झाले. "पण कळशीचं लिहू नको, परीक्षक हसतील. लिही, आपण विचार करून तांबं घातलं."

मुदत तोंडावर होती. मी तसं लिहिलं. ज्या खोटेपणाच्या संशयापायी इतकी रडले होते, तोच मी आता सहीनिशी केला.

मौखिक परीक्षेत परीक्षकांनी नेमकं विचारलं, "तांब्याची कल्पना कशी सुचली?" मी घडाघडा बोलले: धातूंचे गुणधर्म, इलेक्ट्रॉन, आधीचे शोधनिबंध. काका तेव्हा मागे चहाचे कप मांडत होते.

बाहेर आल्यावर तेच आधी पुढे आले. डोळे भरले होते. "झालं बाप्पा एकदाचं! मले लय घोर होता, मॅडम. म्हटलं माह्या पान्यानं तुमचं सारं काम नासलं."

त्यांच्या पाण्यानेच काम साधलं, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. सर शेजारीच उभे होते.

"नाही काका, काही नासलं नाही," एवढंच मी म्हणाले.