धवलारीण ठमाबाईचा दम

"बांगडी? माज्या कालजात बांगडी? नवरा गेला तवा हातातल्या फोडल्या, आथा तो डाक्टर आतमंदी भरतंय!"

"आये, बांगडी नाय, रिंग. आणि ओरडू नको, दम लागतो तुला."

"रिंग म्हंजे बांगडीच. मना नको शिकवू."

कल्पिताने थापलेली तांदळाची भाकरी तव्यावर टाकली आणि सासूकडे वळली. "डॉक्टर काय बोलले? तीन नळ्या ब्लॉक. मागे अ‍ॅटॅक आलेला, तो तू गॅस समजून सोडा पिऊन काढलास. त्यात हृदय सैल पडून फुगलं. आतल्या झडपेच्या दाराच्या फळ्या धड आहेत, पण चौकट ताणली. दार लागतच नाय, रक्त उलटं फिरतंय. बायपास करताना रिंग घालून चौकटपण आवळून घेणार. तेवढ्याने नाय भागलं तर झडपच बदलणार. ठाण्याला सोमवारी बेड मिळतोय."

"अक्षदाचं लगीन झालं का बघू."

अक्षदा म्हणजे नात. लग्न पुढच्या महिन्यात, आणि नातीच्या लग्नात धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, दुसऱ्या कुणी गायची, हे ठमाबाईला मरणाहून वाईट वाटत होतं. शीळफाट्याजवळ त्यांच्याच भातशेतीवर सात मजली इमारत उभी राहिली. तिच्यात चौथ्या मजल्यावर ही बाई राहत होती, पण आसपासच्या आगरी गावांत हळद असो की मांडव, तिच्या गाण्याशिवाय पान हलत नसे. भटजीलाही ती "थांब रं, माजं होऊं दे," म्हणून गप्प बसवी. अलीकडे तर गाता गाता मध्येच थांबून वरमाईला झापायची: "हलद वाटलीस का पावडर कालवलीस गो?" मांडव खदखदून हसे. पोरं रील काढत. बाई म्हातारपणी रंगात आली, असं सगळे म्हणत.

कोपऱ्यात सुकटाशी भाकरी खात बसलेल्या रंगूबाईने बोटं चाटली. वीस-बावीस वर्षं ती ठमाबाईच्या शेजारी बसून गात आली होती. ठमाबाईने ओळ उचलायची, रंगूबाईने तिचं शेपूट धरायचं.

"रंगात कसली येतंय," ती म्हणाली. "दम संपतो तिचा. ती वरमाईला झापतंय, तवर श्वास घेतंय. आणि उरलेली ओल मी वढतंय. दोन वर्सं झाली."

"रंगे!"

"काय रंगे? डाक्टरला सांगितलंस, चार मजले चढतंय. लिफ्ट बंद पडली तवा खाली बाकड्यावर कोण बसलेला, तुजा बापूस?"

कल्पिताच्या हातातलं उलथनं थांबलं. भाकरी करपली. "म्हणजे मांडवात सगळ्यांसमोर दम लागत होता, आणि आम्ही हसत होतो?"

"हसाल नाय तं काय रडाल? पैसं देऊन बोलवलेली मी," ठमाबाई फिस्कारली. मग पदराने तोंड पुसत राहिली. आवाज खाली आला. "मराची भीती नाय गो मना. पन या रंगीला नुसती शेपटं येतान. ओलीचं तोंड फकस्त मना येतंय. मी टेबलावर गेली, तं नवरीला मांडवात नुसती शेपटं आयकवाल?"

"मग शिकव की तिला."

"तिला? तिचा गला बघितलास? पानी नसलेला नल!"

"नल तं नल," रंगूबाई म्हणाली. "दोन वर्सं तुला पानी त्याच नलातून गेलाय."

ठमाबाईला हसू आलं आणि हसताना धाप लागली. दोघी तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. धाप ओसरली, तसा कल्पिताचा फोन वाजला. हॉस्पिटलमधून होता.

"आये, विचारतायत. हो सांगू ना?"

ठमाबाईने चपला पायात सरकवल्या, रंगूबाईचं मनगट धरलं आणि तिला जिन्याकडे नाही, लिफ्टकडे ओढलं. "चल तुज्या घरी. तेलवनीच्या गान्यापासून धर, सोमवारपर्यंत सगली तोंडं आली पायजेत. आन घसा खाकर आदी."

"आये! काय सांगू त्यांना?"

लिफ्टचं दार लागलं.