पेज प्यायलेले वाडगे

गेल्या कित्येक वर्षांत रामनगरच्या भिकाजी कुंभाराच्या दारात हसतं गिऱ्हाईक आलं नव्हतं. घरोघरी स्टील पोचलं होतं. मडकं लागायचं ते एकदाच, स्मशानात खांद्यावरून फोडायला. माल त्याच दिवशी फुटतो आणि ज्याच्यासाठी नेला तो तक्रार घेऊन येत नाही, असा धंदा नशिबानंच मिळतो, असं भिकाजी चारचौघांत म्हणायचा. आतून मात्र त्याचा जीव एकाच गोष्टीसाठी तुटायचा. आपल्या हातच्या भांड्यात कुणीतरी एकदा पोटभर जेवावं.

म्हणून बेळगावच्या एका संस्थेच्या अश्विनीताई आल्या, तेव्हा तो हरखूनच गेला. "काका, भुकेल्यांच्या मदतीसाठी जेवण ठेवलंय. पाहुणे देणगी देतील, तुमच्या वाडग्यात पेज पितील आणि वाडगा आठवण म्हणून घरी नेतील," ताई म्हणाल्या. भिकाजीनं दीडशे वाडगे कबूल केले.

आता कुंभाराचा नेम असा, की नव्या भांड्याला आधी पेज पाजायची. भाजलेली माती तहानलेली असते. तिच्यात पेज मुरली नाही तर जेवणाला मातीचा वास लागतो. दीडशे वाडगे प्यायला बसले आणि घरातला तांदूळ तळाला गेला.

"भुकेल्यांचं जेवान म्हनं, आन् तांदूळ आमचा जातोय व्हय?" केशर, त्याची बायको, कडाडली.

"पिऊ दे गं. ह्यात मानसं जेवनार हायत," भिकाजी म्हणाला. तीन दिवस वाडगे भरपेट होते आणि नवरा-बायको अर्धपोटी.

कुळगीच्या वाटेवरच्या एका रिसॉर्टात दुपारी जेवण होतं. भुकेवरचं भाषण इतकं लांबलं, की पाहुण्यांना विषय चांगलाच कळला. मग पंगत बसली. वाढणाऱ्यांनी प्रत्येक वाडग्यात कागदाची एकेक वाटी बसवली आणि पेज वाढली ती त्या वाटीत.

भिकाजी धावतच पुढं गेला. "ताई, ह्ये कागद कशाला?"

"स्वच्छता हो, काका! आणि वाडगा कसा कोराच्या कोरा राहतो."

पंगतीतल्या एक बाई वाडगा न्याहाळत म्हणाल्या, "आमच्या हॉलमध्ये किल्ल्या ठेवायला झकास." भिकाजीला रडू फुटायचं बाकी राहिलं. तो मागं चुलीपाशी जाऊन बसला.

तिथं अणशीकडच्या पाच बाया पहाटेपासून राबत होत्या. भुकेल्यांसाठीच्या जेवणात त्यांचा नंबर शेवटी लागला, आणि तोवर कागदी वाट्या संपल्या होत्या. त्यांच्यातल्या राजेश्वरीनं उरलेल्या ढिगातला एक वाडगा सरळ उचलला, पेज ओतली आणि तोंडाला लावला. बाकीच्या चौघींनीही तेच केलं. राजेश्वरीनं बोटानं वाडगा पुसून चाटला.

"मामा, नवा वाडगा, पन मातीचा वास न्हाई की वो!"

भिकाजीनं तोंड फिरवून डोळे पुसले.

तेवढ्यात अश्विनीताई आल्या. "अरे देवा, पाच वाडगे उष्टे केलेत? आता हे कुणाला द्यायचे?"

"ह्येंनाच द्या, ताई," भिकाजी म्हणाला. "दीडशेतली खरी भांडी एवढीच झाली. बाकीची न्या आठवन म्हनून."

आणि ढिगातला सहावा वाडगा उचलून त्यानं राजेश्वरीपुढं धरला.

"मलाबी वाढ गं पोरी. सकाळधरनं पोटात कायबी न्हाई."