रक्त माझं, ओरडणार तुम्ही?

अन्याय माझ्यावर झाला. गेल्या वर्षी, दिवाळी संपल्यावरच्या पहिल्या सोमवारी सकाळी, लातुरातल्या एका खासगी लॅबच्या काउंटरवर.

नवरात्राच्या आधी मित्रासोबत असताना निरोध फाटला होता. तेव्हापासून धास्ती. धीर करून तपासणीला गेले, कोणती तपासणी ते चिठ्ठीवर लिहून दिलं, तर काउंटरवरचा दादा भरल्या हॉलमध्ये ओरडला, "एचआयव्ही कुणाची हो? तुमची? लग्न झालंय का?" बाकांवरच्या साऱ्या माना वळल्या. त्यात आमच्या खानावळीच्या काकूही होत्या. मी रक्त न देताच बाहेर पडले.

मग अंगानं छळ मांडला. थंडीचं साधं पडसं झालं, मी म्हटलं, सुरू झालं. मोबाइलचा टॉर्च लावून आरशात जीभ बघायची, जबड्याखाली गाठ चाचपायची. चाचपून चाचपून तिथं खरंच दुखायला लागलं. आणि मी कोण? कॉलेजच्या गेटवर याच विषयाची पत्रकं वाटणारी. लक्षणांवरून काही कळत नाही, तपासणीतूनच कळतं, हे मीच घसा फोडून सांगायचे. उपयोग शून्य.

खोलीवरची मैत्रीण अहमदपूरची, तोंडाची फटकळ. "गावाला शहाणपण वाटून राहिलीस अन् सोताचं रक्त द्यायला भेतीस व्हय गं? चल नांदेडला. तिथं कुठली काकू येते बघू."

संक्रांत झाली तशा आम्ही एसटीनं नांदेडच्या एका सरकारी दवाखान्यात गेलो. समुपदेशक ताईंनी आधी दार लावलं. कधी झालं, कसं झालं, एवढंच विचारलं. लग्नाचं नाव नाही. तपासणी फुकट. तीन महिने उलटून गेले होते, म्हणजे निकाल पक्का. निगेटिव्ह.

मैत्रीण म्हणाली, "आता तरी जीभ आत घाल."

हसले खरी, पण राग जाईना. पॉझिटिव्ह असते तरी रोजची गोळी घेऊन जगले असते. पण त्या काउंटरवरून माझ्यासारखीच दुसरी कुणी पळाली असेल आणि पुन्हा कुठंच गेली नसेल, तर?

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघी थेट त्या लॅबमध्ये. हॉल भरलेला. मी खणखणीत आवाजात विचारलं, "दिवाळीनंतर मी एचआयव्हीच्या तपासणीला आले होते. तुम्ही सगळ्यांसमोर माझं लग्न काढलंत. कामून?"

दादा पांढराफटक. "म्याडम, हळू बोला ना. लोकं हाईत."

"त्या दिवशी नव्हती का?"

हाताला कापूस दाबून बसलेले एक आजोबा म्हणाले, "खरं बोलून राहिलं की लेकरू. माझी शुगर बी यानं अशीच गावभर केली."

हॉल हसला. आतून लॅबचे डॉक्टर आले. गुप्तता राखणं हा कायदा आहे, मेहरबानी नाही, हे मी त्यांना ऐकवलं. त्यांनी सगळ्यांदेखत माफी मागितली. आता तिथं प्रत्येकाला आतल्या खोलीत, दार लावून विचारतात. मी अधूनमधून जाऊन बघून येते. आणि जेवते काकूंच्याच खानावळीत, ताठ मानेनं.

तुम्हाला अशी धास्ती असेल तर आरसा खाली ठेवा आणि उद्या सकाळीच तपासणीला जा. आणि तुम्ही नुसते बाकावर बसला असाल, काउंटरवर कुणाला असं ओरडून विचारलं जात असेल, तर वळून बघत बसू नका. उठा, आणि दार लावायला सांगा.