एकशे सतरा नंबरची बाटली

लिहू की नको या घोळात सहा महिने गेले. इथे अनुभव लिहिणारे बरेच जण सुरुवातीलाच सांगतात की आमचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. मी एवढंच सांगतो की माझी नोकरीच विश्वास न ठेवण्याची आहे. रोप जगलं असं कोणी म्हणालं की मी विचारतो – किती दिवस, कशात, आणि सोबतची किती मेली? या सवयीचा घरच्यांना वैताग आहे. माझी पत्रिका जुळली तेव्हा मी गुरुजींना विचारलं होतं की न जुळलेल्यांचं पुढे काय झालं ते कधी पाहिलंत का. सासरे अजून ते विसरलेले नाहीत.

मलकापूरहून नांदुऱ्याकडे निघालं की हायवे सोडून थोडं आत एक टिश्यू कल्चर लॅब आहे. नाव सांगत नाही. मी तिथे चौदा वर्षं सुपरवायझर आहे. केळीच्या कोंबाचा बारीक तुकडा घ्यायचा, काचेच्या बाटलीत साखर आणि खतं घातलेल्या जेलीवर ठेवायचा, एकाचे चार, चाराचे सोळा करायचे... हेच काम. बाहेर पंचेचाळीस डिग्री असताना आत पंचवीस. लोकांना वाटतं मजा आहे. चौदा वर्षं तोच गारवा, तोच ट्यूबलाइटचा उजेड, तोच स्पिरिटचा वास. मला आता रविवारीही थकवा येतो.

दोन वर्षांपूर्वी मालकांच्या डोक्यात आलं की खारपाणपट्ट्यासाठी केळी शोधायची. पूर्णेच्या दोन्ही अंगांना कितीतरी गावांत बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. अशा पाण्यावर तग धरणारं एखादं रोप निघालं तर बघायचं होतं. शेतात लावून बघायला वर्षं जातात, म्हणून आधी बाटलीतच छळायचं. काही बाटल्यांच्या जेलीत मीठ – लिटरला तीन ग्रॅमपासून बारा ग्रॅमपर्यंत. काहींत पीईजी नावाची पावडर. ही पावडर पाणी धरून ठेवते, मुळाला मिळू देत नाही, म्हणजे बाटलीतल्या बाटलीत दुष्काळ. आणि काही बाटल्या साध्या, तुलनेसाठी. कशात काय आहे हे नोंदी घेणाऱ्याला कळू नये म्हणून बाटल्यांवर फक्त उलटसुलट नंबर, आणि कोणत्या नंबरात काय ते माझ्या डायरीत. डायरी माझ्या बॅगेत. जाणकार लगेच म्हणतील की पीईजीची जेली पातळ राहते, ती बघूनच कळते. मलाही माहीत आहे. म्हणून मी सगळ्या बाटल्यांना खालून फॉइल गुंडाळली होती.

आता लताबाईंबद्दल. संग्रामपूरकडच्या खारपाणपट्ट्यातलं माहेर, वय पंचेचाळीसच्या आसपास, नवरा नाही, धाकट्या बहिणीकडे – मंदाकडे – राहायच्या. आमच्याकडे बारा वर्षं बाटल्यांत तुकडे लावायचं काम केलं. त्यांच्या हातची बाटली क्वचितच खराब व्हायची. मग दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, एसटीने खामगावला जाऊन डायलिसिस. दिवसाला दोन ग्लास पाणी, मीठ बंद, आणि केळं तर अजिबातच नाही. केळीच्या लॅबमध्ये असून केळं वर्ज्य, यावर त्या स्वतःच हसायच्या. डाव्या हातावर डायलिसिसच्या सुया टोचायला शीर जोडून केलेला फिस्टुला असल्यामुळे मी त्यांना हलकं काम दिलं होतं, रॅकवर बाटल्या लावायचं.

प्रयोगाच्या पहिल्याच दिवशी दुपारी त्यांनी मला विचारलं, "सर, हे मिठाचं हाय. याले खालच्या रॅकवर ठेवू का?"

रोप त्याच सकाळी बाटलीत गेलेलं. मिठाचा परिणाम पानावर दिसायला आठ-दहा दिवस तरी लागतात. मी डायरी काढून बघितली... मीठ, नऊ ग्रॅम. म्हटलं असेल, अंदाज लागला असेल. पण मग डोक्यात किडा वळवळायला लागला. दुसऱ्या दिवशी मी चाळीस बाटल्या टेबलावर मांडल्या आणि त्यांना म्हणालो, उचलायच्या नाहीत, हलवायच्या नाहीत, फक्त बोट लावून सांगा. मी खोलीबाहेर थांबलो, कारण माझ्या चेहऱ्यावरून कळत असेल तर तेही नको. त्यांनी प्रत्येक बाटलीपुढे एकेक चिठ्ठी ठेवली – साधी, तहानलेली, मिठाची. डायरीशी ताडून बघितलं. चाळीसच्या चाळीस बरोबर.

मी विचारलं, कसं कळतं? तर अगदी बाजारातून भाजी आणल्यासारखं सांगितलं त्यांनी. "मिठाच्या बाटलीले बोट लागलं का जीभ खारट होते. त्या दुसरीले लागलं का घसा सुकते. सोपं हाय."

मग मी रोप न लावलेल्या, नुसत्या जेलीच्या बाटल्या पुढे ठेवल्या. त्यांना काहीच सांगता येईना. उलट मलाच म्हणाल्या, "रिकाम्या बाटलीले काय विचारता सर, तिच्यात कोण हाय?"

इथवर वाचून तुम्ही जे म्हणाल ते सगळं मी स्वतःला म्हणून झालंय. वास येत असेल. इतक्या वर्षांच्या नजरेला पानाचा रंग कळत असेल. बंद झाकणातून वास येत नाही, आणि नंतर एकदा त्यांनी डोळ्यांना ओढणी बांधूनही बरोबर सांगितलं. मालकांना मी काही बोललो नाही.

पण मी एक वाईट गोष्ट केली. प्रत्येक बाटलीची नोंद यायला चार आठवडे लागतात, आणि मला या सगळ्याचा कंटाळा आला होता. म्हणून मी लताबाईंकडून आधीच बाटल्या तपासून घ्यायला लागलो. कोणतं रोप मिठात असूनही कमी त्रासात आहे ते सांगा म्हणालो. आठवड्यात तीनशे बाटल्या. त्या प्रत्येक बाटलीला त्यांची जीभ खारट व्हायची, घसा सुकायचा, आणि प्यायला मात्र दिवसभराचे तेच दोन ग्लास. दाढेखाली वेलची धरून त्या काम करत राहायच्या. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. त्या कधी कुरकुरल्या नाहीत, म्हणून मी चालू दिलं.

अशाच एका सकाळी त्या एका बाटलीपाशी थांबल्या. नंबर एकशे सतरा. बोट लावलं, काढलं, परत लावलं.

"याच्यात मीठ हाय, लय हाय," त्या म्हणाल्या. "पण याले त्याचं काईच नाही. माह्या तोंडाले पाणी सुटून राह्यलं, सर."

डायरीत बघितलं – बारा ग्रॅम, सगळ्यांत जास्त. त्याच मिठातली बाकीची रोपं महिनाभरात कडांनी करपली, मग तपकिरी पडली. शेवटी फॉइल काढून बघितलं तर एकालाही मुळं फुटली नव्हती. एकशे सतराला तीन नवी पानं आणि पांढरी शुभ्र मुळं. लताबाई रोज आल्या की आधी तिच्याकडे जायच्या आणि तळहात लावून मिनिटभर उभ्या राहायच्या. मग त्यांना दुपारपर्यंत पाण्याची आठवणही येत नसे म्हणे. चेहऱ्यावरची सूजही उतरली होती, ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. एकदा रॅकपाशी मला म्हणाल्या, "हे जगलं त मीबी निभावून नेईन, सर." मी हो म्हणालो. त्या मनापासून बोलत होत्या, हे मला कळलं होतं.

पुढचं सांगायला जड जातंय, पण ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू.

त्या पावसाळ्यात आमच्या ग्रोथ रूममध्ये, म्हणजे बाटल्यांचे रॅक असलेल्या खोलीत, जंतुसंसर्ग शिरला. जेलीत, रोपाच्या बुडाशी, दुधासारखं पांढरं कडं दिसायला लागतं. आमच्याकडे नियम आहे की कडं दिसलेली बाटली त्याच दिवशी न उघडता ऑटोक्लेव्हमध्ये घालायची. मोठा प्रेशर कुकरच तो, वाफेवर सगळं मारून टाकतो. आम्ही त्याला शिजवणं म्हणतो. पंधरा दिवस मी रोज बाटल्या निवडत होतो, रोज शिजवत होतो, आणि रोज मालकांचा फोन. एका शुक्रवारी एकशे सतराच्या बुडाशी कडं दिसलं. अगदी फिकट.

वाचवता आली असती. कोंबाचं टोक कापून, औषधाच्या जेलीत घालून, चार-पाच दिवस खपून... असं मी पूर्वी केलेलं आहे. पण मी स्वतःला समजावलं की हजारात एक जगलं याचा अर्थ माझंच मीठ मोजायला चुकलं असणार. हेही खोटंच. जेली एकदम दहा लिटर बनते, एकाच बाटलीत मीठ कमी कसं पडेल? खरं कारण एवढंच की मी दमलो होतो. नंबर वाचला आणि बाटली बाकीच्यांबरोबर जाळीत ठेवली. रजिस्टरला वेळ माझ्याच हातची आहे, अकरा दहा.

पावणेबाराला मंदाचा फोन आला, खामगावहून. मंदा कधी फोन करत नसे.

"सर, लताताईले मशिनीवरच हुडहुडी भरली. आंग भाजून राह्यलं म्हणते. सव्वाअकरापासून एकच लावलं तिनं, सरले फोन लाव, बाटली शिजवून राह्यले का विचार..."

मी ऑटोक्लेव्हच्या पुढेच उभा होतो. काटा पंधरा पौंडावर. बटण बंद केलं, पण प्रेशर उतरल्याशिवाय ते झाकण कोणालाच उघडता येत नाही. काटा खाली यायला अर्धा तास लागला आणि मी तसाच उभा राहिलो. मंदाला मी सांगितलं, नाही, कोणी काही शिजवत नाहीये, त्यांना आराम करू द्या.

डॉक्टरांनी सांगितलं की मशीनवर कधीकधी अशी थंडी-ताप येतो, पाण्यामुळे किंवा नळीमुळे. बरोबर आहे, येतो. तासाभराने ताप उतरला. त्या आठ दिवसांनी कामावर आल्या.

तोवर मी तयारी करून ठेवली होती. साध्या बाटल्यांतली, बिनमिठाची, त्याच उंचीची एक बाटली निवडली. पानंही तीनच. नंबर पुसून एकशे सतरा लिहिला आणि त्याच जागी ठेवली. तुम्ही म्हणाल, ज्यांना बोट लावून कळतं त्यांच्यासमोर हा उद्योग? मला वाटलं, इतक्या आजारातून आल्यात, नसेल कळत आता... किंवा मला तसं वाटून घ्यायचं होतं.

लताबाई नेहमीसारख्या आधी तिथे गेल्या. तळहात लावला. मी पाठमोरा उभा राहून नोंदी करायचं सोंग करत होतो.

"हे ते नाही, सर," त्या म्हणाल्या.

मी वळलो. मला सगळं सांगायचं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि बाटली रॅकवर नीट सरळ केली.

"असू द्या," त्या म्हणाल्या. "याले तरी पाणी भेटून राह्यलं." आणि पुढचा ट्रे लावायला गेल्या.

त्यानंतर त्यांना बाटलीला बोट लावून काही लागेनासं झालं. मी विचारलं नाही, त्यांनीच एकदा सांगितलं. चेहरा पुन्हा सुजायला लागला. त्या शुक्रवारपासून पाचव्या महिन्यात लताबाई गेल्या. मी त्यांच्या घरी जाऊन आलो. मंदाने मला चहा दिला आणि म्हणाली की ताई शेवटपर्यंत तुमचं नाव चांगलंच घेत होती.

मालकांनी प्रयोग बंद केला. मिठात जगणारं दुसरं रोप आम्हाला मिळालं नाही.

तर हा अनुभव. लताबाईंना बाटल्या कशा कळायच्या आणि खामगावला खुर्चीत बसून त्यांना ती वाफ कशी लागली, याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. शोधूनही मिळालेलं नाही. कोणाकडे असेल तर जरूर लिहा, मी वाचेन. पण ती बाटली मी का शिजवली, ते मात्र मला पक्कं माहीत आहे. ते मला आजवर कोणीच विचारलं नाही. लताबाईंनीसुद्धा नाही.